विश्लेषण : रस्त्यावरचे हवामान आंदोलन संसदेत कितपत पोहोचते? ब्रिटनच्या अनुभवातून धडा काय?

दीर्घकालीन उत्सर्जन कपातीचे कायदेशीर बंधन स्वतःवर घालून घेणारा पहिला देश अशी ब्रिटनची ओळख आहे. आता त्याच देशात हे बंधन झुगारण्याची भाषा सुरू झाली आहे. सत्तेवर आल्यास २००८चा हवामान बदल कायदा रद्द करू, असे हुजूर पक्षाच्या नेत्या केमी बेडनॉक यांनी ऑक्टोबर २०२५ मध्ये जाहीर केले. ही विनाशकारी चूक ठरेल, अशी टीका त्यांच्याच पक्षाच्या माजी पंतप्रधान थेरेसा मे यांनी केली. मे यांच्याच कारकीर्दीत २०१९ मध्ये या कायद्याचे उद्दिष्ट अधिक कठोर करण्यात आले होते. मूळ कायदा आणि ही दुरुस्ती, दोन्हींच्या मागे आंदोलनांचा रेटा होता. त्यामुळे हवामान आंदोलने लोकप्रतिनिधींच्या चर्चेवर कसा परिणाम करतात आणि तो किती टिकतो, हे तपासण्यासाठी ब्रिटनच्या गेल्या २० वर्षांतील घडामोडी उपयोगी ठरतात.

हा कायदा मुळात आला कुठून?

‘फ्रेंड्स ऑफ द अर्थ’ या पर्यावरणवादी संघटनेने २००५ मध्ये ‘द बिग आस्क’ नावाची मोहीम सुरू केली. ‘रेडिओहेड’ या प्रसिद्ध बँडचा गायक थॉम यॉर्क या मोहिमेचा चेहरा होता. मागणी एकच होती : दरवर्षी उत्सर्जन कमी करण्याचे बंधन सरकारवर घालणारा कायदा करा. मोहिमेने रस्ते अडवले नाहीत, तर मतदारांना आपापल्या खासदाराकडे पाठवले. लोकांनी पत्रे लिहिली, पोस्टकार्डे पाठवली, मतदारसंघातील कार्यालयांत भेटी घेतल्या. त्याच वर्षी मजूर पक्षाचे मायकेल मीचर, हुजूर पक्षाचे जॉन गमर आणि लिबरल डेमोक्रॅट्सचे नॉर्मन बेकर या तिघांनी मिळून विधेयकाचा मसुदा सभागृहात मांडला. विधेयकाला पाठिंबा देणाऱ्या प्रस्तावावर पुढे ६४६ पैकी ४१२ खासदारांनी सह्या केल्या.

इतक्या सह्या झाल्यावर सरकारला विषय बाजूला ठेवणे अवघड गेले. विरोधी बाकांवरील डेव्हिड कॅमेरून यांनाही आपल्या पक्षाची प्रतिमा बदलायची होती. पर्यावरण हा त्यासाठी सोयीचा विषय असल्याने त्यांनी कायद्याची मागणी उचलून धरली. मोहिमेत काम करणाऱ्या ब्रायनी वर्दिंग्टन यांना सरकारने मसुदा तयार करणाऱ्या चमूत घेतले. पुढे त्या हाऊस ऑफ लॉर्ड्सच्या सदस्य झाल्या. सुरुवातीला २०५० पर्यंत १९९०च्या तुलनेत ६० टक्के कपातीचे उद्दिष्ट होते. विधेयक संसदेत असतानाच ते ८० टक्क्यांवर गेले. ऑक्टोबर २००८ मध्ये कॉमन्समधील अंतिम मतदानात बाजूने ४६३ आणि विरोधात अवघी तीन मते पडली.

कायद्याने दोन पक्क्या यंत्रणा उभ्या केल्या. पहिली, दर पाच वर्षांचे ‘कार्बन बजेट’, म्हणजे त्या काळात देशाने जास्तीत जास्त किती उत्सर्जन करायचे याची मर्यादा. ती बरीच वर्षे आधी ठरवून संसदेकडून मंजूर करून घ्यावी लागते. दुसरी, सरकारपासून स्वतंत्र असलेली हवामान बदल समिती. समितीने दरवर्षी प्रगतीचा अहवाल संसदेला द्यायचा आणि सरकारने त्याला उत्तर द्यायचे. हवामानावर वर्षातून एकदा तरी बोलणे सरकारला भाग पडावे, अशी ही सोय होती.

२०१९ मध्ये नेमके काय घडले?

कायदा झाल्यानंतरच्या दशकात आर्थिक मंदी आणि मग ब्रेग्झिट या विषयांनी संसद व्यापली. हवामान बदल मागे पडला. ऑक्टोबर २०१८ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आंतरसरकारी हवामान बदल समितीचा दीड अंश तापमानवाढीविषयीचा अहवाल आला. त्याच महिन्याच्या अखेरीस ‘एक्स्टिंक्शन रिबेलियन’ या नव्या संघटनेने लंडनच्या पार्लमेंट स्क्वेअरमध्ये सरकारविरुद्ध ‘बंडा’ची घोषणा केली. नोव्हेंबरमध्ये आंदोलकांनी थेम्स नदीवरचे पाच पूल अडवले. फेब्रुवारी २०१९ मध्ये ग्रेटा थुनबर्गच्या आवाहनाला प्रतिसाद देत ब्रिटनमधील शाळकरी मुले वर्ग सोडून रस्त्यावर आली.

यानंतर दोनच आठवड्यांनी कॉमन्समध्ये हवामान बदलावर चर्चा झाली. अशी चर्चा दोन वर्षांत प्रथमच होत होती आणि सभागृह जवळपास रिकामे होते. लिबरल डेमोक्रॅट्सच्या लेला मोरान आणि ग्रीन पार्टीच्या कॅरोलिन लुकास यांनी ती घडवून आणली, पण सत्ताधारी बाकांवर मोजकेच सदस्य होते. मुलांनी विषय चर्चेला आणला, खासदारांना मात्र खेचून आणता आले नाही. त्या रिकाम्या बाकांची छायाचित्रे पसरली आणि आंदोलनाला आणखी एक मुद्दा मिळाला.

एप्रिलमध्ये चित्र पालटले. १ एप्रिलला ब्रेग्झिटची चर्चा सुरू असताना डझनभर अर्धनग्न आंदोलक कॉमन्सच्या प्रेक्षक सज्जात उभे राहिले. १५ एप्रिलपासून वॉटर्लू ब्रिज, ऑक्सफर्ड सर्कस, मार्बल आर्च आणि पार्लमेंट स्क्वेअर येथे ठिय्या सुरू झाला. सुमारे दहा दिवसांत अकराशेहून अधिक जणांना अटक झाली. २३ एप्रिलला ग्रेटा थुनबर्ग संसद भवनात बोलली. आपल्या पिढीने पुरेसे काही केले नाही आणि तिचे बोलणे ऐकताना अपराधी वाटले, अशी कबुली तत्कालीन पर्यावरणमंत्री मायकेल गोव्ह यांनी दिली.

१ मे रोजी मजूर पक्षाने ‘पर्यावरण आणि हवामान आणीबाणी’ जाहीर करणारा ठराव मांडला. मतविभागणी न होता तो मंजूर झाला. कायद्याच्या दृष्टीने तो बंधनकारक नव्हता. दुसऱ्याच दिवशी हवामान बदल समितीचा अहवाल आला : २०५० पर्यंत निव्वळ शून्य उत्सर्जन, म्हणजे जितके हरितगृह वायू सोडले जातील तितकेच शोषून घेण्याची स्थिती, साध्य करणे शक्य आहे. १२ जूनला पंतप्रधान मे यांनी शिफारस स्वीकारल्याचे जाहीर केले आणि २७ जूनला ती कायद्यात आली.

आंदोलकांनी मागितले काय आणि संसदेने दिले काय?

‘एक्स्टिंक्शन रिबेलियन’च्या तीन मागण्या होत्या. सरकारने संकटाविषयी सत्य सांगावे, २०२५ पर्यंत निव्वळ शून्य उत्सर्जन गाठावे आणि पुढचे निर्णय नागरिक सभेच्या हाती द्यावेत. पहिल्या मागणीला संसदेने ठरावाच्या रूपाने प्रतिसाद दिला. दुसरीत साल बदलले, २०२५ ऐवजी २०५० झाले. तिसरी अर्धीच मान्य झाली. कॉमन्सच्या सहा समित्यांनी मिळून नागरिक सभा भरवली. ३० हजार घरांना पत्रे पाठवून १०८ सामान्य लोक निवडण्यात आले. त्यांचा अहवाल सप्टेंबर २०२० मध्ये आला, पण तो फक्त सल्ल्यापुरता राहिला.

इथे एक तपशील महत्त्वाचा आहे. २०५० हे साल आंदोलनाने ठरवलेले नाही. हवामान समितीकडे याविषयी सल्ला मागण्याचे काम सरकारने ऑक्टोबर २०१८ मध्येच केले होते, तेव्हा पुलांवरचे आंदोलन सुरूही झालेले नव्हते. अहवाल येणारच होता. आंदोलनाने केले ते एवढेच, की तो अहवाल आला तेव्हा त्याला फडताळात टाकणे राजकीयदृष्ट्या अशक्य करून ठेवले. या उद्दिष्टाचा खर्च एक लाख कोटी पौंडांच्या पुढे जाईल, असा इशारा अर्थमंत्री फिलिप हॅमंड यांनी दिला होता. तरीही मे मागे हटल्या नाहीत. त्यांनी आधीच राजीनामा जाहीर केला होता आणि जाण्यापूर्वी नाव राहील असे काही करून दाखवायचे होते. रस्त्यावरचा दबाव, तयार असलेला तज्ज्ञांचा अहवाल आणि पायउतार होणाऱ्या पंतप्रधानांची गरज अशा तीन गोष्टी एकाच वेळी जुळून आल्या. त्यातली एकही नसती तर दुरुस्ती इतक्या लवकर झाली नसती.

अवघ्या दीड तासाची चर्चा महागात पडली का?

२००८च्या कायद्यातच उद्दिष्टाचा आकडा साध्या आदेशाद्वारे बदलण्याची तरतूद आहे. त्यामुळे ‘किमान ८० टक्के’च्या जागी ‘किमान १०० टक्के’ असा बदल करायला नवे विधेयक लागले नाही. २४ जून २०१९ रोजी कॉमन्सने सुमारे दीड तासाच्या चर्चेनंतर मतदानाविना त्याला संमती दिली. घरे कशी गरम करायची, गॅस बॉयलर काढून उष्मापंप बसवण्याचा खर्च कोण देणार, पेट्रोलच्या गाड्या केव्हा बंद करायच्या, शेतकऱ्यांनी काय बदलायचे, यांवर प्रत्येक खासदाराला आपल्या मतदारासमोर भूमिका घ्यावी लागली नाही. आणीबाणीचे वातावरण असताना विरोध करणे कुणालाच परवडणारे नव्हते. त्या वेळी हे एकमत आंदोलनाचे यश वाटले.

किंमत पुढे मोजावी लागली. जुलै २०२३ मध्ये अक्सब्रिजची पोटनिवडणूक हुजूर पक्षाने अवघ्या ४९५ मतांनी राखली. प्रचारात जुन्या गाड्यांवरील लंडनचे प्रदूषण शुल्क हा मुख्य मुद्दा होता. हे शुल्क शहराच्या हवेसाठी होते, निव्वळ शून्याशी त्याचा थेट संबंध नव्हता. पण पर्यावरणाचा खर्च सामान्यांच्या खिशातून जातो, हा संदेश राजकारण्यांनी उचलला. दोन महिन्यांनी पंतप्रधान ऋषी सुनक यांनी नव्या पेट्रोल-डिझेल गाड्यांवरची बंदी २०३० वरून २०३५ वर ढकलली. त्या भाषणात त्यांनी एका उणिवेवर नेमके बोट ठेवले : मागच्या कार्बन बजेटवर कॉमन्समध्ये केवळ १७ मिनिटे चर्चा झाली होती. ते बजेट मंजूर झाले तेव्हा सुनक स्वतः अर्थमंत्री होते, हा भाग वेगळा. मात्र लोकांना विश्वासात न घेता उद्दिष्टे लादली गेली, हा आरोप करायला त्यांना जागा मिळाली ती त्या घाईमुळेच.

ही फूट पक्षाच्या आतही दिसली. २०१९च्या आदेशावर ऊर्जा राज्यमंत्री म्हणून सही करणारे ख्रिस स्किडमोर हे हुजूर पक्षाचेच खासदार होते. उत्तर समुद्रात तेल आणि वायूचे नवे परवाने देणाऱ्या विधेयकाच्या निषेधार्थ त्यांनी जानेवारी २०२४ मध्ये खासदारकी सोडली.

आंदोलनाची पद्धतच चर्चेचा विषय झाली तेव्हा?

ऑक्टोबर २०१९ मध्ये पूर्व लंडनमधील कॅनिंग टाऊन स्थानकात काही आंदोलक भुयारी रेल्वेच्या डब्यावर चढले. कामावर निघालेल्या प्रवाशांनी त्यांना खाली ओढले. सकाळच्या गर्दीत गाडी अडवली तर काय होते, हे लोकलने प्रवास करणाऱ्या मुंबईकराला वेगळे सांगायला नको. कष्टकरी वस्तीतले, सार्वजनिक वाहतूक वापरणारे लोकच आंदोलनाच्या विरोधात गेल्याचे दृश्य देशभर दिसले. २०२१ मध्ये ‘इन्सुलेट ब्रिटन’ने लंडनभोवतीचा एम-२५ महामार्ग अडवला. ऑक्टोबर २०२२ मध्ये ‘जस्ट स्टॉप ऑइल’च्या कार्यकर्त्यांनी नॅशनल गॅलरीतील व्हॅन गॉगच्या ‘सनफ्लॉवर्स’ चित्राच्या काचेवर टोमॅटो सूप फेकले.

याचा संसदेवरही परिणाम झाला, पण उलट दिशेने. उत्सर्जनाऐवजी आंदोलकांना आवर कसा घालायचा, यावर तासन्‌तास चर्चा होऊ लागली. २०२२च्या पोलीस आणि गुन्हेविषयक कायद्याने सार्वजनिक उपद्रवासाठी दहा वर्षांपर्यंतच्या कैदेची तरतूद केली. हाऊस ऑफ लॉर्ड्सने त्या वेळी फेटाळलेल्या काही तरतुदी २०२३च्या सार्वजनिक सुव्यवस्था कायद्यातून पुन्हा आल्या. स्वतःला वस्तूंना साखळीने किंवा गोंदाने जखडून घेणे हा स्वतंत्र गुन्हा ठरला. एम-२५ अडवण्याच्या कटासाठी ‘एक्स्टिंक्शन रिबेलियन’चे सहसंस्थापक रॉजर हॅलम यांना जुलै २०२४ मध्ये पाच वर्षांची शिक्षा झाली. अपिलात ती चार वर्षांवर आली.

तरीही हिशेब सरळ नाही. मजूर पक्षाचे नेते कीर स्टार्मर यांनी ‘जस्ट स्टॉप ऑइल’वर जाहीर टीका केली. मात्र त्यांच्या पक्षाच्या २०२४च्या जाहीरनाम्यात तेल-वायूच्या शोधासाठी नवे परवाने न देण्याचे आश्वासन होते. संघटनेची मूळ मागणी तीच होती. मार्च २०२५ मध्ये आपले काम झाल्याचे सांगत संघटनेने आंदोलन थांबवत असल्याचे जाहीर केले. आंदोलक अप्रिय झाले तरी त्यांची मागणी स्वीकारली जाऊ शकते, असे यातून दिसते. पण मागणी स्वीकारणारा पक्ष त्यांचे नाव घेत नाही, त्यामुळे श्रेय नेमके कुणाचे हे सिद्ध करता येत नाही.

आंदोलकांनी मार्ग का बदलला?

‘एक्स्टिंक्शन रिबेलियन’ने २०२३च्या पहिल्याच दिवशी सार्वजनिक जीवन विस्कळीत करण्याचा मार्ग तूर्त सोडल्याचे जाहीर केले. एप्रिलमध्ये अनेक संघटनांना सोबत घेऊन संसदेबाहेर चार दिवस शांततेत निदर्शने झाली. दुसरीकडे विधेयकाचा मार्गही चोखाळला गेला. कॅरोलिन लुकास यांनी २०२० मध्ये मांडलेले हवामान आणि परिसंस्था आणीबाणीचे खासगी विधेयक पुढे गेले नाही. त्याच धर्तीचे हवामान आणि निसर्ग विधेयक लिबरल डेमोक्रॅट्सच्या रोझ सॅव्हेज यांनी आणले. जानेवारी २०२५ मध्ये त्यावरील चर्चा तहकूब झाली.

सर्वात परिणामकारक ठरला तो न्यायालयाचा मार्ग. उद्दिष्ट गाठण्याचा सरकारचा आराखडा अपुरा असल्याचे उच्च न्यायालयाने जुलै २०२२ मध्ये आणि पुन्हा मे २०२४ मध्ये म्हटले. दोन्ही खटले ‘फ्रेंड्स ऑफ द अर्थ’सह तीन संघटनांनी लढवले. २००५ मध्ये पोस्टकार्डे पाठवणारी हीच संघटना. तिने मागून घेतलेल्या कायद्याचाच आधार तिला १५ वर्षांहून अधिक काळाने न्यायालयात मिळाला. म्हणूनच आज हा कायदा रद्द करण्याच्या घोषणेला महत्त्व आहे. उद्दिष्टाचे साल पुढे ढकलले तर नुकसान मर्यादित राहते. कायदाच गेला तर स्वतंत्र समिती जाते, कार्बन बजेट जाते आणि सरकारला जाब विचारण्याचा हक्कही जातो.

भारतीय संसदेत असे का दिसत नाही?

भारताने २०७० पर्यंत निव्वळ शून्य उत्सर्जनाचे उद्दिष्ट नोव्हेंबर २०२१ मध्ये ग्लासगोच्या परिषदेत जाहीर केले. ते कायद्यात नाही. त्यामुळे संसदेत त्यावर मतदान झालेले नाही आणि वार्षिक हिशेब मागण्याची ब्रिटनसारखी सोयही नाही. खासदाराने खासगी विधेयक मांडले तरी वाट बिकट आहे. आजवर अशी केवळ १४ विधेयके मंजूर झाली असून त्यातले शेवटचे १९७० मधले आहे.

पर्यावरणाचे बहुतेक निर्णय १९८६च्या पर्यावरण संरक्षण कायद्याखालील अधिसूचनांमधून होतात. त्यामुळे आंदोलनाचा रोख संसदेऐवजी मंत्रालयावर आणि न्यायालयावर राहतो. पर्यावरणीय परिणाम मूल्यांकनाच्या २०२०च्या मसुद्यावर ईमेलद्वारे लाखो हरकती गेल्या. त्याच काळात ‘फ्रायडेज फॉर फ्युचर इंडिया’ या तरुणांच्या गटाचे संकेतस्थळ बंद करण्यात आले. दिल्ली पोलिसांनी दहशतवादविरोधी कायद्याखाली दिलेली नोटीस नंतर चुकीने दिल्याचे सांगून मागे घेतली. मसुदा अंतिम झाला नाही, पण नियमांत तुकड्या-तुकड्यांनी बदल होत राहिले. मुंबईत आरेमधील वृक्षतोड ऑक्टोबर २०१९ मध्ये थांबली तीही सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने. कायद्याच्या विद्यार्थ्यांनी सरन्यायाधीशांना लिहिलेल्या पत्राची दखल घेत न्यायालयाने तातडीने सुनावणी केली, मात्र तोपर्यंत दोन हजारांहून अधिक झाडे तोडून झाली होती.

संसदेपुढे विषय आला तो वन संवर्धन कायद्यातील दुरुस्तीच्या निमित्ताने. हे विधेयक पर्यावरणविषयक स्थायी समितीऐवजी संयुक्त समितीकडे गेले. समितीकडे तेराशेच्या आसपास निवेदने आली, पण तिने मसुद्यात एकही बदल सुचवला नाही. जुलै-ऑगस्ट २०२३ मध्ये मणिपूरवरून गदारोळ सुरू असताना दोन्ही सभागृहांनी विधेयक मंजूर केले. ‘वन’ या शब्दाचा व्यापक अर्थच तूर्त कायम ठेवावा, हा अंतरिम आदेश फेब्रुवारी २०२४ मध्ये पुन्हा सर्वोच्च न्यायालयाकडूनच आला. हवामान बदलाच्या दुष्परिणामांपासून संरक्षण हा मूलभूत हक्काचा भाग असल्याचेही न्यायालयाने त्याच वर्षी माळढोक पक्ष्याच्या संरक्षणाविषयीच्या खटल्यात मान्य केले. जी चर्चा लोकप्रतिनिधींनी करायची ती न्यायालयात होते आहे.

मग आंदोलनाचे यश कशात मोजायचे?

ब्रिटनमधील शेवटचा कोळशावरचा वीजप्रकल्प सप्टेंबर २०२४ मध्ये बंद झाला. देशाचे उत्सर्जन १९९०च्या तुलनेत निम्म्यावर आले आहे. याचे सगळे श्रेय आंदोलनाला देता येणार नाही, तसे नाकारताही येणार नाही. दोन टप्प्यांची तुलना केली तर फरक लक्षात येतो. २००५ ते २००८ या काळात मोहिमेने तीन पक्षांतले खासदार बांधून घेतले, मतदारसंघात बोलणी केली आणि मसुदा हातात दिला. त्यातून उभा राहिलेला कायदा सहा पंतप्रधान बदलल्यावरही टिकला आणि न्यायालयात उपयोगी पडला. २०१९ मध्ये आंदोलनाने काही आठवड्यांत विषय ऐरणीवर आणला, पण खर्च आणि जबाबदारीच्या वाटपावर खासदारांना खुली चर्चा करायला लावण्याआधीच सगळे मोकळे झाले.

हाऊस ऑफ कॉमन्समध्ये सध्या मजूर पक्षाचे भक्कम बहुमत असल्याने कायद्याला लगेच धोका नाही. पुढची निवडणूक २०२९ पर्यंत व्हायची आहे. हुजूर पक्षाबरोबरच नायजेल फराज यांचा ‘रिफॉर्म यूके’ पक्षही निव्वळ शून्याच्या विरोधात उतरला आहे. तेव्हा २०१९ मध्ये जी चर्चा दीड तासात उरकली गेली, ती आता मतदारांसमोर होईल. गॅस बॉयलरचे बिल भरणाऱ्या मतदाराला त्या उद्दिष्टाचे कारण पटवून देणे, हे पूल अडवण्यापेक्षा अवघड काम आंदोलकांना आणि त्यांच्या बाजूच्या खासदारांना पुढच्या तीन-चार वर्षांत करावे लागणार आहे.